बुडबुड्यांचा आवाज हाच डोस आहे, मग तो पेशंटच्या रेकॉर्डमध्ये का नाही?

अल्ट्रासाउंड वापरून औषध नेमक्या जागी सोडायचं, या विषयावर जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टींची चर्चा असते, औषध कोणतं आणि मशीन कोणतं. या दोन्हीच्या मधे जे घडतं, म्हणजे शिरेतून सोडलेले सूक्ष्म बुडबुडे शरीरात त्या क्षणी नक्की काय करत होते, त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि खरं तर उपचार तोच आहे. माझं म्हणणं सरळ आहे. कॅव्हिटेशनवर, म्हणजे अल्ट्रासाउंडने बुडबुडे हलण्या-कोसळण्यावर, चालणारा कुठलाही उपचार मंजूर करताना बुडबुड्यांचा आवाज मोजणं, तो प्रत्येक पेशंटच्या रेकॉर्डमध्ये ठेवणं आणि ट्रायलच्या निकालासोबत तो उघड करणं सक्तीचं केलं पाहिजे, मशीनवर सेट केलेल्या आकड्यावर भागवून घेऊ नये. हा टेक्निकल मामला आहे, इंजिनीअर बघून घेतील असं म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नाही, कारण यात एका टोकाला मेंदूतला रक्तस्राव आहे आणि दुसऱ्या टोकाला वाया गेलेली केमो, आणि दोन्हीचा भार पेशंटवरच पडतो.

आधी होतं काय ते बघू. मायक्रोबबल म्हणजे साधारण १ ते १० मायक्रॉनचे गॅसचे बुडबुडे, बाहेरून लिपिडचं किंवा प्रोटीनचं पातळ कवच आणि आत परफ्लुओरोप्रोपेन किंवा सल्फर हेक्झाफ्लुओराइडसारखा रक्तात पटकन न विरघळणारा जड गॅस. लाल रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची असते, त्यामुळे हे बुडबुडे केशवाहिन्यांमधूनसुद्धा जातात. यात अगदी नवीन असं काही नाही, हृदयाच्या आणि लिव्हरच्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट यावं म्हणून ते बरीच वर्षं शिरेतून दिले जातायत आणि मूळ कल्पना तर १९६८ ची आहे, ग्रामियाक आणि शाह यांनी इंजेक्शननंतर इकोवर प्रतिध्वनींचा दाट ढग उमटतो हे दाखवलं तेव्हापासूनची. अल्ट्रासाउंडची लाट आली की दाब उतरताना बुडबुडा फुगतो, दाब चढताना आक्रसतो, सेकंदाला लाखो वेळा. दाब बेताचा असेल तर हे फुगणं-आक्रसणं नियमित चालू राहतं, भोवतालच्या द्रवात बारीक प्रवाह तयार होतात, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर ताण येतो, पेशींमधले घट्ट सांधे काही वेळासाठी सैल होतात. हे स्थिर कॅव्हिटेशन. दाब अजून वाढवला की एका मर्यादेनंतर बुडबुडा इतका फुगतो की परत येताना भोवतालच्या द्रवाच्या जडत्वानेच तो कोसळतो, हे इनर्शियल कॅव्हिटेशन, आणि त्यात शॉक वेव्ह निघते, जवळ भिंत असेल तर तिच्या दिशेने द्रवाची धार सुटते, आतलं तापमान क्षणभर हजारो अंशांपर्यंत चढतं. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली या कोसळण्याचं गणित मांडलं ते जहाजांच्या प्रोपेलरचा धातू का झिजतो या प्रश्नापायी. म्हणजे जे बळ धातू खातं त्याच्याच मर्यादेच्या आसपास आपण काम करतोय, तेही एखाद्याच्या मेंदूतल्या केशवाहिनीत.

औषध यात तीन प्रकारे येतं. एक तर औषध वेगळं आणि बुडबुडे वेगळे, दोन्ही शिरेतून द्यायचे आणि जिथे अल्ट्रासाउंडचा बीम आहे तिथेच रक्तवाहिनी झिरपू लागेल अशी सोय करायची. दुसरं, औषध बुडबुड्याच्या कवचातच बसवायचं, यात अडचण अशी की कवच इतकं पातळ असतं की त्यात औषध फारसं मावत नाही आणि बुडबुडे रक्तात टिकतातही थोडी मिनिटंच. तिसरं, लायपोसोमसारखा (चरबीची सूक्ष्म पिशवी) वाहक घ्यायचा, किंवा द्रवरूप परफ्लुओरोकार्बनचे नॅनोथेंब, जे अल्ट्रासाउंड पडल्यावर जागच्या जागी बुडबुडा बनतात. पेशंटवरचं काम आत्तापर्यंत जास्त करून पहिल्या प्रकारचं झालंय. पण तिन्ही प्रकारांत निर्णायक घटना एकच, बुडबुडा किती जोरात आणि कोणत्या पद्धतीने हलला.

आता हे सगळं करायचंच कशाला, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर माझ्या मते अगदी पक्कं आहे. केमोचा बहुतेक भाग ट्यूमरपर्यंत पोचतच नाही, तो बाकीच्या शरीरात फिरतो. डॉक्सोरुबिसिन हे जुनं आणि कामाचं औषध हृदयाला इजा करतं म्हणून आयुष्यभरात एका ठरावीक एकूण डोसच्या पुढे ते देत नाहीत. औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोपार्टिकल, आले तेव्हा मोठी आशा होती, ट्यूमरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात तर औषध आपोआप तिथेच साचेल अशी, १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा यांनी ही कल्पना मांडली, आणि तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की टोचलेल्या डोसपैकी ट्यूमरपर्यंत पोचणारा भाग मध्यांकाने (मीडियन) ०.७ टक्के. मेंदूच्या बाबतीत तर ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत, बहुसंख्य औषधांना दारातच अडवतं. अशा वेळी बाहेरून बीम टाकून पाहिजे तेवढीच जागा उघडायची, काही तासांत ती आपोआप मिटते, चिरफाड नाही, किरणोत्सर्ग नाही, ही गोष्ट खरोखर मोठी आहे आणि ती लवकर लोकांपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. मोजमापाचा आग्रहही मी त्याच कारणाने धरतोय.

कारण आत्तापर्यंतचे निकाल बघा. २००१ साली हिनिनेन यांच्या गटाने सशांवर दाखवलं की बुडबुडे रक्तात असताना फोकस केलेल्या अल्ट्रासाउंडने मेंदूतलं बॅरियर ठरावीक जागीच उघडता येतं. २०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रूकमध्ये ब्रेन ट्यूमरच्या पेशंटवर कवटी न उघडता हे पहिल्यांदा केलं. फ्रान्समधल्या गटाने वेगळा रस्ता धरला, कवटीत छोटं यंत्र कायमचं बसवायचं म्हणजे हाड मधे येतच नाही. त्याच यंत्राच्या नऊ एमिटरवाल्या (लाट सोडणारे भाग) आवृत्तीवर अमेरिकेत नॉर्थवेस्टर्नमध्ये केलेल्या ट्रायलचा निकाल २०२३ ला आला, ऑपरेशनच्या वेळी मेंदूचे नमुने घेऊन औषध प्रत्यक्ष मोजलं होतं, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं बीम दिलेल्या भागात सरासरी अनुक्रमे ३.७ पट आणि ५.९ पट सापडली. आणि त्यातच हेही दिसलं की बॅरियर बऱ्याच अंशी तासाभरातच परत बंद होतं, म्हणजे औषध कधी द्यायचं याचं वेळापत्रकच बदलतं. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो तो त्या पटींपेक्षा या कारणाने की त्यांनी अंदाजावर न थांबता ऊतीत जाऊन मोजलं.

याच्या शेजारी नॉर्वेच्या बर्गनमधला २०१६ चा निकाल ठेवा. पॅन्क्रियासच्या कॅन्सरचे ऑपरेशन न होण्यासारखे १० पेशंट, नेहमीची जेमसिटाबिन ही केमो, नेहमीचे सोनोग्राफीचे मायक्रोबबल आणि हॉस्पिटलमधला साधा स्कॅनर. सरासरी नाही, मध्यांक (मीडियन) आयुष्य १७.६ महिने, आणि तुलनेतल्या गटाचं ८.९. हा आकडा जिथे तिथे सांगितला जातो आणि का सांगितला जातो ते कळतं, ज्यांच्या घरात हा कॅन्सर झालाय त्यांना हे दुप्पट आयुष्य काय वाटत असेल. पण तुलना होती जुन्या रेकॉर्डमधल्या पेशंटशी, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते, आणि माणसं दहा. हा आक्षेप सगळेच घेतात आणि तो बरोबरच आहे. मला त्याहून जास्त खुपतं ते वेगळं. ज्यांना खूप फायदा झाला आणि ज्यांना झाला नाही त्यांच्या ट्यूमरमध्ये बुडबुडे वेगवेगळं वागत होते का, हे या निकालातून कळायला मार्ग नाही. पॅन्क्रियास पोटात खोल असतो, वर आतड्यातला गॅस, चरबीचा थर माणसागणिक वेगळा, त्यामुळे एकच सेटिंग दहा जणांना दहा वेगवेगळे दाब देणार. समजा आठ जणांच्या ट्यूमरमध्ये काहीच घडलं नसेल आणि दोघांच्यात भरपूर घडलं असेल, तर सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढून आपण नक्की कशाची परीक्षा घेतली?

यावर उत्तर मिळतं की मशीनवर मेकॅनिकल इंडेक्स दिसतो की. दिसतो, पण तो काय आहे ते समजून घ्या. लाटेतला सगळ्यात खालचा ऋण दाब मेगापास्कलमध्ये, भागिले मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ. निदानासाठीच्या मशीनला अमेरिकेत १.९ ची मर्यादा आहे. हा दाब पाण्याच्या टाकीत हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनने, मोजतात आणि मग ऊतीत दर सेंटिमीटरला साधारण इतकं नुकसान होईल असं एकच ठरावीक प्रमाण धरून कमी करतात. तुमच्या शरीरात तो मोजलेला नसतो. शिवाय या इंडेक्सच्या मागचं गणित रक्तात बाहेरून बुडबुडे सोडलेले नसताना, छोट्या पल्सनी कॅव्हिटेशन सुरू होईल का, या प्रश्नाचं आहे. पल्स किती लांब, किती वेळा, बुडबुडे किती आणि केवढे, यातलं काहीच त्यात नाही. सोनोग्राफी सुरक्षित ठेवायला तो उपयोगी पडला, ठीकच आहे, पण तोच आकडा उपचाराचा डोस म्हणून टेबलात लिहायचा हे मला पटत नाही. कवटीचा तर प्रश्नच वेगळा, जाडी आणि घनता माणसागणिक बदलते, लाट वाकते, शोषली जाते, परावर्तित होते, म्हणून तर डोक्यासाठीच्या हेल्मेटसारख्या मशीनमध्ये हजारावर ट्रान्सड्युसर (लाट सोडणारे भाग) लावून प्रत्येकाची वेळ सीटी स्कॅनवरून जुळवावी लागते.

आणि मुख्य गोष्ट अशी की हे ऐकू येतं! म्हणजे आपल्या कानाला नाही पण रिसीव्हरला. बुडबुडा नियमित हलत असेल तर तो पाठवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीत, तिपटीत, निम्म्यात, दीडपटीत असे ठरावीक सूर परत पाठवतो. कोसळायला लागला की सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला खरखराट येतो. इतका स्पष्ट फरक वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळतो, उपचार चालू असतानाच शरीर सांगतंय की आत्ता काम होतंय, आत्ता धोका सुरू झाला. २०१२ मध्ये ओ'रायली आणि हिनिनेन यांनी प्राण्यांवर नेमकं हेच वापरलं, दाब हळूहळू वाढवत न्यायचा, ते दीडपटीसारखे सूर ऐकू आले की थांबायचं आणि त्या दाबाच्या निम्म्यावर येऊन पुढचा उपचार करायचा. कवटी जाड असो की पातळ, प्रत्येकाला स्वतःच्या बुडबुड्यांवरून ठरलेला दाब. आज पेशंटवर वापरल्या जाणाऱ्या काही मशीनमध्येही असे रिसीव्हर आहेत आणि पॉवर आवाजावरून आपोआप कमीजास्त होते. पण क्लिनिकल पेपरमध्ये टेबल उघडलं की पॉवर, फ्रिक्वेन्सी, बुडबुड्यांचं प्रमाण हे असतं, आणि आवाजाचं काही दिलंच तर बऱ्याचदा त्या मशीनच्या स्वतःच्या एककात, जे दुसऱ्या मशीनशी जुळवता येत नाही.

न मोजल्याने काय होतं याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला अल्ट्रासाउंडची जोड देणारी ट्रम्बी नावाची ट्रायल होती, ३०० किलोहर्ट्झची कमी फ्रिक्वेन्सी, जी कवटीतून सहज आत जाते. अल्ट्रासाउंड मिळालेल्या गटात मेंदूतला रक्तस्राव वाढला आणि ट्रायल थांबवावी लागली, निकाल २००५ ला छापून आला. नंतर कॉम्प्युटर सिम्युलेशन करून बघितल्यावर शक्यता पुढे आली की बंद कवटीत लाटा समोरच्या हाडावर आपटून परत येत होत्या आणि एकमेकींत मिसळून नको तिथे दाब वाढवत होत्या. म्हणजे कारण शोधायला काही वर्षांनी संगणकात कवटी उभी करावी लागली. त्या पेशंटच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं याचं रेकॉर्ड असतं तर हा शोध अंदाजाने करावा लागला नसता.

दुसरं उदाहरण थोडं वेगळं आहे आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. २०१७ साली एका गटाने उंदरांवर दाखवलं की बॅरियर उघडल्यावर मेंदूत जंतूंशिवायची सूज येते, डोक्याला मार लागल्यावर येते तशी. मोठी खळबळ झाली, कारण माणसांवर काम सुरू झालं होतं. त्याच वर्षी मॅकमॅहन आणि हिनिनेन यांनी दाखवलं की सूज किती येते हे बुडबुड्यांच्या डोसवर अवलंबून आहे, इमेजिंगला देतात तेवढाच डोस दिला तर प्रतिक्रिया बरीच सौम्य, दहापट दिला तर जोरदार. दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक, दोन्हींचा डेटा खरा, तरी वाद पेटला, कारण प्रत्येक प्रयोगात बुडबुडे किती हलले हे एकाच मापात लिहिलेलं नव्हतं. एक म्हणतो उपचार धोकादायक, दुसरा म्हणतो सुरक्षित, आणि दोघं बोलतायत ते दोन वेगळ्या डोसांबद्दल.

एक मुद्दा असा येतो की एमआरआयवर गॅडोलिनियम (चित्रात उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) झिरपलेलं दिसतं, उघडलं की नाही ते कळतं, मग आवाज कशाला. गॅडोलिनियम बघावंच, पण ते सगळं होऊन गेल्यावर कळतं, उपचार चालू असताना हात आवरायला ते कामाचं नाही. आणि गॅडोलिनियमचा रेणू लहान असतो, अल्झायमरवरच्या अँटीबॉडी त्याच्या शेकडो पट जड. २०२४ च्या जानेवारीत अड्युकानुमॅब ही अशीच अँटीबॉडी आणि अल्ट्रासाउंड एकत्र दिलेल्या तीन पेशंटचा निकाल आला, बीम दिलेल्या भागात अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन) जास्त उतरलं होतं. आशादायक आहे, मान्य, पण माणसं तीन. इतक्या थोड्या लोकांवर काम होणार असेल तर प्रत्येकाकडून मिळणारी माहिती जास्तीत जास्त निघायला पाहिजे, कुठल्या जागी बुडबुडे किती हलले आणि तिथे अमायलॉइड किती उतरलं हे जागेगणिक जोडता आलं तर तीन माणसांकडूनही खूप काही शिकता येईल.

उष्णतेने औषध सोडायची जी पद्धत आहे तिथे हा वाद होतच नाही हे लक्षात घ्या. ऑक्सफर्डमध्ये लिव्हरच्या ट्यूमरवर ४० अंशांच्या आसपास विरघळणारे लायपोसोम आणि फोकस अल्ट्रासाउंड वापरला, २०१८ ला निकाल आला, त्यात काही पेशंटमध्ये ट्यूमरच्या आत सुई घालून तापमान प्रत्यक्ष मोजलं होतं. तापमान हा डोस आहे हे सगळ्यांना पटलेलं असतं म्हणून ते मोजतात. कॅव्हिटेशनमध्ये तीच जागा बुडबुड्यांच्या हालचालीची आहे, फक्त तिला अजून एकक मिळालेलं नाही.

एकक नाही म्हणून सक्ती कशी करणार, हा सगळ्यात दमदार आक्षेप आहे. रिसीव्हर कुठे बसवलाय, हाडातून आवाज परत येताना किती बदलतो, यावर आकडा अवलंबून असतो, भिंतीपलीकडचं भांडण ऐकून कोण किती जोरात ओरडलं ते सांगण्यासारखं हे आहे. पण क्ष-किरणांचा इतिहास बघा. राँटजेन यांचा शोध १८९५ चा. त्यानंतर तीसेक वर्षं डॉक्टर डोस ठरवत होते तो कातडी किती लाल झाली त्यावरून. १९२५ मध्ये एककं ठरवायला आंतरराष्ट्रीय मंडळ बसलं, १९२८ ला स्टॉकहोमच्या परिषदेत राँटजेन हे एकक स्वीकारलं, आणि आज वापरतो ते ग्रे हे एकक तर १९७५ चं. पहिलं एकक काही परिपूर्ण नव्हतं, ते हवेतलं आयनीकरण मोजायचं, शरीरातली शोषलेली ऊर्जा नाही. तरी एका हॉस्पिटलची गोष्ट दुसऱ्या हॉस्पिटलला कळायला लागली. मधल्या वर्षांत जे होरपळले त्यांच्यात पेशंट होते आणि डॉक्टरही होते. आपल्याकडे रिसीव्हर आधीच आहेत, कच्चा सिग्नल साठवायला आज काही अवघड नाही, त्यामुळे एकक ठरेपर्यंत वाट बघायचं कारणच नाही. कच्चा सिग्नल, रिसीव्हरचं कॅलिब्रेशन आणि त्याची जागा एवढं जपून ठेवलं तर उद्या एकक ठरल्यावर आजच्या पेशंटचा डोस मागे जाऊन काढता येईल. जपलंच नाही तर ती माहिती कायमची गेली.

कंपन्या म्हणतील की सिग्नलवरून पॉवर कशी बदलायची हा आमचा अल्गोरिदम आहे, तो उघड करणार नाही. नका करू. अल्गोरिदम तुमचा, पण पेशंटच्या डोक्यातून आलेला आवाज तुमचा नाही. ईसीजीचं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, कागद पेशंटच्या फाइलला लागतो.

आणि एक म्हणणं आहे ज्याला मी हलक्यात घेऊ शकत नाही, की ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरच्या पेशंटकडे, पॅन्क्रियासच्या पेशंटकडे वेळ नाही, तुम्ही नियम वाढवून त्यांचा रस्ता अडवताय. मला ही घाई समजते. पण रिसीव्हर चालू ठेवून सिग्नल साठवल्याने कोणाचा उपचार एक दिवसही लांबत नाही. लांबतो तो ट्रायल फसल्यावर, आणि ट्रायल का फसली ते कळलं नाही तर त्यापुढे अजून लांबतो. औषध निकामी होतं, की बुडबुडे हललेच नाहीत, की गरजेपेक्षा जास्त हलले, या तिन्हींचा शेवटचा निकाल कागदावर सारखाच दिसतो, फायदा नाही. मग एखादी चांगली जोडी चुकीच्या कारणाने कायमची बाद होते आणि पुढची पंधरा वर्षं तिच्याकडे कोणी पैसे घेऊन येत नाही. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांच्यावर याहून मोठा अन्याय मला दिसत नाही.

मंजुरी देणाऱ्या संस्थांकडे आज औषधाचा विभाग वेगळा आणि उपकरणांचा वेगळा असतो, आणि बुडबुडा दोन्हींच्या मधे पडतो. तो शिरेतून देतात म्हणून औषधाच्या नियमात बसतो, पण काम मशीनने हलवल्यावर करतो. त्यामुळे या उपचारांसाठी दोघांनी मिळून एक अट घालावी, सिग्नलचं रेकॉर्ड नसेल तर त्या पेशंटचा डेटा परिणामकारकतेच्या हिशोबात धरायचा नाही, सुरक्षिततेच्या हिशोबात मात्र धरायचाच. ही एक अट घातली तरी कंपन्या रिसीव्हर आपणहून बसवतील. ट्रायल छापणाऱ्या जर्नलांनी सिग्नल सार्वजनिक साठ्यात ठेवल्याशिवाय पेपर घेऊ नये, फसलेल्या ट्रायलचा तर आधी मागावा. आणि तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला अशा ट्रायलमध्ये घ्यायचं ठरलं तर संमतीपत्रावर सही करायच्या आधी विचारा, उपचार चालू असताना बुडबुडे ऐकणार आहात का, खरखराट आला तर मशीन स्वतः थांबतं की कोणी बघून थांबवतं, आणि ते रेकॉर्ड आम्हाला मिळेल का.